आर्थिक विषमतेविरुद्धचा ठिय्या : वॉल स्ट्रीट, आझाद मैदान आणि कर्जत-खालापूरमधील ठाकुरवाडी

सारांश

आर्थिक सत्तेच्या केंद्रस्थानी जाऊन तेथेच मुक्काम ठोकणे हा विषमतेविरुद्धच्या निषेधाचा एक विशिष्ट प्रकार आहे. न्यूयॉर्कमधील २०११ चे ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलन हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्रात या प्रकाराचे नाते मुंबईच्या फोर्ट विभागालगतच्या आझाद मैदानाशी आहे. प्रस्तुत लेखात ठिय्या या निषेधप्रकाराची घटकतत्त्वे स्पष्ट करून, रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील आदिवासी वाड्यांच्या दृष्टीने त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील कर्जत स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. टर्मिनसच्या बाहेर पडून रस्ता ओलांडला की आझाद मैदान लागते. तेथून रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय आणि दलाल स्ट्रीटवरील शेअर बाजार पायी अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो. म्हणजेच देशाच्या आर्थिक व्यवहारांचे केंद्र आणि सह्याद्रीच्या उतरणीवरील आदिवासी वस्त्या एकाच लोकलगाडीच्या दोन टोकांना वसलेल्या आहेत.

‘ठाकुरवाडी’ हे कर्जत व खालापूर परिसरात एकाच वस्तीचे नाव नाही. ठाकूर या आदिवासी जमातीची वस्ती जेथे आहे तेथे हे नाव आढळते. अशा वाड्या बहुधा स्वतंत्र महसुली गाव नसतात. एखाद्या मोठ्या गावाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पोटात त्या मोजल्या जातात. नकाशावर पुसट आणि कागदावर परावलंबी अशा या वस्त्यांतील नागरिक राजधानीच्या मैदानावर जाऊन बसतो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

ठिय्या : संकल्पना आणि घटक

मराठी सार्वजनिक जीवनात निषेधाच्या विविध प्रकारांसाठी स्वतंत्र शब्द रूढ आहेत. मोर्चा चालत येतो, निवेदन देतो आणि परततो. धरणे ठराविक वेळेपुरते असते. उपोषणात व्यक्ती स्वतःचा देह पणाला लावते. ठिय्यात मात्र समूह आपले दैनंदिन जीवनच उचलून आणतो. अन्न शिजविणे, निजणे, लेकरांना सांभाळणे, सभा भरविणे या सर्व क्रिया ज्या ठिकाणी एरवी अदृश्य असतात, त्याच ठिकाणी त्या उघड्यावर केल्या जातात. श्रम करणाऱ्या वर्गाचे जगणे संपत्तीच्या दारात दृश्यमान करणे हा ठिय्याचा गाभा होय.

या प्रकाराचे तीन घटक सांगता येतात. पहिला घटक स्थान, दुसरा काळ आणि तिसरा मागणी. स्थान निर्णयकेंद्राजवळ असावे लागते; काळ अनिश्चित असावा लागतो, कारण ‘आम्ही केव्हा उठू’ हे ठरविण्याचा अधिकार आंदोलकांच्या हाती असणे हेच त्यांचे बळ असते; आणि मागणी अशी असावी लागते की ती पूर्ण झाली किंवा नाही हे पुढे तपासता यावे. या तिन्हींपैकी एक जरी दुबळा पडला तरी ठिय्याचे सामर्थ्य उणावते.

वॉल स्ट्रीटचा अनुभव

२००८ च्या वित्तीय अरिष्टानंतर अमेरिकेत बँका सरकारी साहाय्याने सावरल्या. परंतु घरे व रोजगार गमावलेल्या सामान्यांना तसा आधार मिळाला नाही, अशी भावना बळावली. कॅनडातील ‘अ‍ॅडबस्टर्स’ या नियतकालिकाने केलेल्या आवाहनातून १७ सप्टेंबर २०११ रोजी वॉल स्ट्रीटजवळील झुकोटी पार्कमध्ये तळ पडला. ‘आम्ही ९९ टक्के’ ही घोषणा तेथून जगभर गेली.

या तळाच्या टिकण्यामागे एक विलक्षण कायदेशीर कारण होते. न्यूयॉर्कमधील महापालिकेची उद्याने रात्री बंद होतात. झुकोटी पार्क मात्र खासगी मालकीचे होते. इमारत अधिक उंच बांधण्याच्या सवलतीच्या बदल्यात ती जागा जनतेसाठी अहोरात्र खुली ठेवण्याचे बंधन मालकांवर होते. त्यामुळे संपत्तीविरुद्धच्या आंदोलनाला रात्रीचा आसरा खासगी मालकीच्या जागेतच मिळाला. ध्वनिवर्धकाची परवानगी नसल्याने वक्त्याचे वाक्य भोवतालच्या लोकांनी एका सुरात पुन्हा उच्चारून मागे पोहोचविण्याची पद्धत रूढ झाली. निर्णय ‘सर्वसाधारण सभे’त सहमतीने घेतले जात. १५ नोव्हेंबर २०११ च्या पहाटे पोलिसांनी तळ हटविला आणि त्याच दिवशी न्यायालयाने तंबू ठोकून राहण्याची मुभा नाकारली. जवळपास दोन महिन्यांचा हा मुक्काम होता.

या आंदोलनाने मागण्यांची निश्चित यादी जाणीवपूर्वक टाळली. मागणी केली की प्रस्थापित व्यवस्थेची अधिमान्यता मान्य होते, अशी त्यामागील भूमिका होती. त्याचा लाभ असा झाला की विषमता हा विषय सार्वजनिक चर्चेच्या मध्यभागी आला. तोटा असा की तळ उठल्यावर कोणाकडून काय वसूल करावयाचे हे स्पष्ट राहिले नाही. स्थान आणि काळ हे दोन घटक प्रबळ, परंतु तिसरा घटक सोडून दिलेला, असे या प्रयोगाचे वर्णन करता येईल.

विषमतेचा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षी भारतातील वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता.

मुंबईची परंपरा : १९३८ ते २०२५

ग्रामीण कष्टकऱ्यांनी मुंबईच्या सत्ताकेंद्रावर जाण्याची परंपरा वॉल स्ट्रीटपेक्षा कितीतरी जुनी आहे. कोकणातील खोतीपद्धतीच्या विरोधात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. तत्पूर्वी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथील कुळांनी १९३३ पासून अनेक वर्षे जमिनी न कसण्याचा संप चालविला होता. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. मोर्चा आणि कायदा यांत सुमारे अकरा वर्षांचे अंतर पडले, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे अखिल भारतीय किसान सभेचा २०१८ चा ‘लाँग मार्च’. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, ज्यांत आदिवासींचे प्रमाण मोठे होते, सुमारे १८० किलोमीटर चालून ११ मार्चला मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. विद्यार्थ्यांची अडचण होऊ नये म्हणून मोर्चाने सोमय्या मैदानावरून रात्रीच चालावयास प्रारंभ केला आणि पहाटे आझाद मैदान गाठले. वनहक्क कायद्याची अंमलबजावणी, कर्जमाफी, हमीभाव इत्यादी मागण्यांवर १२ मार्च रोजी शासनाने लेखी आश्वासन दिले. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे त्यात मान्य करण्यात आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकसंघर्ष मोर्चाच्या वतीने आदिवासी व शेतकरी ठाण्याहून पायी आझाद मैदानावर आले. त्यांच्याही मागण्यांत वनहक्क अग्रभागी होता.

वॉल स्ट्रीटच्या तुलनेत येथे मागणी काटेकोर होती आणि तिला कागदी रूपही मिळाले. तरीही फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातून मोर्चे निघाले आणि मागील आश्वासनांच्या पूर्ततेचा प्रश्न त्यांनी मांडला. मैदानावर मिळालेला कागद आणि वाडीवर पोहोचणारा कागद हे दोन वेगळे कागद असतात, असा याचा अर्थ होतो.

रात्रीचा प्रश्न

शांततेने व शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेला आहे आणि तो सार्वजनिक सुव्यवस्थेच्या दृष्टीने वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे. शाहीनबाग प्रकरणी ७ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळासाठी अडविता येणार नाहीत आणि निदर्शने नेमून दिलेल्या जागीच व्हावीत, असे मत नोंदविले. मुंबईत अशी नेमलेली जागा म्हणजे आझाद मैदानाचा राखीव भाग होय.

ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी झालेल्या आंदोलनाच्या निमित्ताने या जागेच्या वापराच्या अटी सर्वांसमोर आल्या. प्रारंभी दिलेली परवानगी एका दिवसाची, सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेची आणि ५,००० व्यक्तींपुरती होती. प्रत्यक्षात आंदोलन २९ ऑगस्ट ते २ सप्टेंबर असे चालले. परिसरातील रस्ते व टर्मिनस यांवर आलेल्या ताणाची उच्च न्यायालयाने गंभीर दखल घेतली. त्या आंदोलनाची मागणी वेगळी होती. परंतु अटी सर्वांनाच लागू होणाऱ्या आहेत.

नगरवासीयांच्या गैरसोयीचा मुद्दा खोटा नाही. रुग्णवाहिका अडणे, नोकरदारांचा खोळंबा होणे यांची किंमत सामान्य माणूसच मोजतो. तथापि, सायंकाळी ६ वाजता उठणारा ठिय्या हा ठिय्या राहत नाही, तो धरणे होतो. झुकोटी पार्क खासगी असून रात्री उघडे होते. आझाद मैदान सार्वजनिक असून नियमाने रात्री बंद असते. ज्याचे घर मुंबईत आहे तो सायंकाळी घरी जाऊन सकाळी परत येऊ शकतो. वाडीवरच्या माणसाला कर्जतपर्यंतची लोकल मिळाली तरी तेथून पुढे वाडीपर्यंतचा प्रवास अंधारात, पुष्कळदा पायी करावा लागतो. एकच नियम दोन नागरिकांवर किती वेगळा परिणाम करतो, हे यावरून लक्षात येते.

कर्जत-खालापूर : मुंबईशी असलेले ऋणानुबंध

या दोन तालुक्यांतून मुंबईकडे केवळ मजूर गेलेला नाही. पाणी, वीज आणि जमीन यांचाही ओघ त्याच दिशेने राहिला आहे. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये त्याला जोडले गेले. खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाने हा परिसर महानगराच्या अधिकच निकट आणला आणि भातखाचरांच्या जागी शेतघरे, विश्रामगृहे व गृहसंकुले यांची मागणी वाढली.

या संबंधाचे मर्म माथेरानचे वकील भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी फार पूर्वी जाणले होते. सावकारी पाशातून शेतकरी व आदिवासी सुटावेत म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. मुंबईची नाडी कर्जतच्या डोंगरातून वाहते, हे त्या मनोऱ्यांनी दाखवून दिले. धान्यकोठी मात्र वेगळे सांगत होती : विषमतेशी लढा केवळ केंद्रावर धडक मारून होत नाही, वाडीवर पर्यायी व्यवस्था उभी करूनही तो द्यावा लागतो.

विषमतेचे सर्वांत दुःखद दर्शन १९ जुलै २०२३ च्या रात्री घडले. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीत असलेली इर्शाळवाडी ही ठाकूर आदिवासींची वस्ती दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नसल्याने बचावाची अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. द्रुतगती महामार्गापासून फार दूर नसलेल्या वस्तीला पायवाटेखेरीज वाट नसावी, या एका वस्तुस्थितीत विषमतेची व्याख्या सामावलेली आहे.

हक्काचा कागद आणि त्याची वाट

ठाकुरवाडीच्या दृष्टीने आर्थिक विषमता म्हणजे प्रथमतः जमिनीच्या हक्काची अनिश्चितता होय. रायगड जिल्ह्यात ब्रिटिश काळापासून डोंगरउतारावरील वनजमीन नाचणी-वरीच्या लागवडीसाठी ठाकूर व कातकरी कुटुंबांना देण्याची ‘दळी’ पद्धत होती. कसणारी पिढी बदलत गेली. परंतु जमीन वनखात्याच्याच नावे राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरच्या मर्यादेत हक्क मान्य केला. जुने पट्टे व भाडेपट्टे यांचे मालकी हक्कात रूपांतर करण्याची तरतूदही त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. दळीधारकांसाठी ती विशेष महत्त्वाची ठरते. सर्वहारा जनआंदोलनासारख्या संघटनांनी रायगडात दळीच्या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे.

या कायद्यानुसार दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. तेथून तो कर्जत येथील उपविभागीय स्तरावरील समितीकडे आणि पुढे अलिबाग येथील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय पेण येथे आहे. म्हणजे एका कागदासाठी वाडीवरील कुटुंबाचा संबंध कर्जत, पेण आणि अलिबाग या तीन ठिकाणांशी येतो. दावा फेटाळला गेल्यास त्याचे परिणाम गंभीर असतात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना वनजमिनीवरून हटविण्यासंबंधी आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्यास स्थगिती मिळाली. त्या पंधरवड्याने दावा म्हणजे केवळ अर्ज नसून राहत्या जागेचा आधार आहे, हे स्पष्ट केले.

येथे आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. शेजारच्या ठाणे, पालघर व पुणे जिल्ह्यांतील काही भागांना मिळणारे ‘पेसा’ कायद्याचे संरक्षण, पाड्याच्या पातळीवरील स्वतंत्र ग्रामसभा इत्यादी गोष्टी कर्जत-खालापूरच्या वाड्यांना त्या कायद्यान्वये लाभत नाहीत. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत वाडीचा आवाज अल्पमतात जातो. वॉल स्ट्रीटच्या आंदोलकांनी चौकात जी ‘सर्वसाधारण सभा’ नव्याने घडविली, ती वाडीच्या पातळीवर मिळावी हीच येथील मागणी आहे.

ठिय्याची किंमत कोण मोजतो ?

आंदोलनाच्या अभ्यासात एक प्रश्न पुष्कळदा सुटून जातो : मैदानावर बसण्याइतका वेळ कोणाकडे असतो ? जून ते नोव्हेंबर हा कर्जत-खालापुरात भातशेतीचा हंगाम. त्यानंतर शेतीतून मोकळीक मिळते. पण तेच मजुरीचे महिने असतात. अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टी मालकाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. उचल फिटेपर्यंत त्यांना हलता येत नाही. ठाकूर कुटुंबे तुलनेने वाडीवर टिकून असतात. परंतु भाजीपाला, रानमेवा, माथेरानची हमाली किंवा बांधकामावरील मजुरी यांवर त्यांचा रोजचा चरितार्थ चालतो. बसलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी होय.

यावरून असे दिसून येते की, ज्याच्यावर विषमतेचा भार सर्वाधिक आहे, त्यालाच विषमतेविरुद्ध बसून राहणे सर्वांत महाग पडते. २०१८ च्या मोर्चात शिधा-सरपण बरोबर घेऊन चालणे आणि मुंबईकरांनी अन्न, पाणी, पादत्राणे पुरविणे यांना जे महत्त्व आले, त्याचे कारण हेच आहे. ठिय्या टिकतो तो घोषणांवर नव्हे, तर धान्यावर. या दृष्टीने कोतवालांची धान्यकोठी आणि आंदोलनाची सामुदायिक चूल या एकाच विचाराच्या दोन बाजू ठरतात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब, ठिय्याचे सामर्थ्य स्थान, काळ आणि मागणी या तिन्हींच्या मेळातून निर्माण होते. वॉल स्ट्रीटने विषमतेला नाव दिले, पण वसुलीचा कागद मागितला नाही. आझाद मैदानाने कागद मिळविला, पण त्याच्या पूर्ततेसाठी पुन्हा चालावे लागले. दुसरी बाब, मुक्कामाच्या वेळेवरील निर्बंध सर्वांना सारखे दिसत असले तरी दूरच्या व गरीब नागरिकावर त्यांचा भार अधिक पडतो. नागरी सुविधा आणि निषेधाचा हक्क यांचा समतोल साधताना रात्रीच्या निवाऱ्याचा विचार होणे न्याय्य ठरेल. तिसरी बाब, मैदानावरील आश्वासनाचे रूपांतर हक्कात होते ते ग्रामसभा, उपविभाग आणि जिल्हा या पायऱ्यांवर. तेथे पाठपुरावा नसेल तर मुंबईतील यश वाडीपर्यंत पोहोचत नाही.

या तिसऱ्या बाबीत परिसरातील महाविद्यालयांनाही वाव आहे. दाव्यांच्या कागदपत्रांचे वाचन, वहिवाटीच्या खुणांची नोंद, वडीलधाऱ्यांच्या साक्षींचे लेखन आणि नकाशे तयार करणे ही कामे भूगोल, मराठी, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगी आहेत. त्यांतील काही विद्यार्थी त्याच वाड्यांतून येतात. खोती संपावयास मोर्चानंतर अकरा वर्षे लागली. त्या अकरा वर्षांत जे काम झाले ते बहुतांशी मैदानाबाहेरचे होते. ठाकुरवाडीचा ठिय्या मैदानावरून उठल्यानंतरही त्याचे उरलेले काम कर्जतच्या कार्यालयात, अलिबागच्या समितीत आणि वाडीच्या सभेत चालूच राहते.